ऑनलाइन अक्षता



गेल्या आठवड्यात स्वाध्याय संपल्यावर चपला घालता घालता एका मैत्रिणीने मला बाजूला घेतले. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात, ठरलेली मुलगी इथे मिरजेत, मुलाला सुट्टी मिळेना आणि कागदपत्रे कुठेतरी अडकलेली. म्हणाली, "लॉकडाऊनमध्ये तुमच्या घरी ऑनलाइन लग्न केलं होतं ना? ते कसं केलंत तेवढं सांगा." मी म्हटले, "केलं नाही गं, करता करता थांबलो." मग देवळाच्या पायरीवर बसून तासभर बोललो. बोलता बोलता लक्षात आले की त्या दिवसांत मी घरबसल्या या विषयावर बरेच वाचून ठेवले होते आणि ते वहीतच राहिले. म्हणून आज नीट लिहून काढते.

२०२० सालची गोष्ट. माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीचे लग्न अक्षय्य तृतीयेला, म्हणजे २६ एप्रिलला ठरले होते. मुलगा फलटणचा, नोकरीला न्यू जर्सीत. कार्यालय ठरले, आचारी ठरला, मानाच्या साड्या घेऊन झाल्या. २२ मार्चपासून परदेशातली विमाने बंद झाली आणि नवरामुलगा तिकडेच राहिला. आधी वाटले, महिन्याभरात सुरू होईल सगळे. मे गेला, जून उजाडला. जुलैच्या सुरुवातीला चातुर्मास लागणार, मग दिवाळीपर्यंत आपल्याकडे लग्न नाही. त्यात सासूबाई ८६ वर्षांच्या. त्या रोज विचारायच्या, "पोरीचं लग्न मी बघते का नाही?" हा प्रश्न दुसऱ्या कशापेक्षाही जड होता.

मग दिरांनीच विषय काढला. "वहिनी, सगळे जण कॉम्प्युटरवर लग्न लावतायत. आपणही लावू. तुम्ही कॉमर्सवाल्या, तुम्ही सगळं मांडा."

मी वही काढली. सकाळी साडेअकराचा मुहूर्त धरला तर तिकडे पहाटेचे दोन. गोरज धरला तर त्याला सकाळी साडेनऊ, सोयीचे; पण मग आपल्या जेवणाचे काय, सूर्यास्ताआधी पंगत उठायला हवी. होम इथे पेटवायचा हे ठरले, कारण त्याच्या तिकडच्या फ्लॅटमध्ये नुसती उदबत्ती लावली तरी छतावरची धुराची घंटा वाजायची. अंतरपाट कोणी धरायचा आणि कोणासमोर? पाटावर लॅपटॉप ठेवायचा तर त्याला मुंडावळ्या बांधायच्या का? (हसू नका, यावर अर्धा तास चर्चा झाली.) नवऱ्याच्या चुलतभावाला त्याच्या जागी बसवा असे फलटणहून कोणीतरी सुचवले, तेव्हा सासूबाई कडाडल्या, "म्हणजे पोर कुणाची बायको व्हायची?"

आता माझे स्वतःचे मत काय होते ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटत होते, काय हरकत आहे? १९७९ साली मी बी.कॉम. झाले. त्यात व्यापारी कायद्याचा एक पेपर असायचा, १८७२ चा करार कायदा. कराराची संमती टपालाने पाठवली तर पाकीट पेटीत पडले की समोरचा बांधला गेला, हे कलम ४ मला अजून पाठ आहे. आणि एक खटला तर सर शिकवायचे तेव्हा सगळा वर्ग हसायचा, कारण तो सरकीच्या पेंडीचा होता. आपल्या खामगावचा जिनिंग कारखाना आणि अहमदाबादचा व्यापारी यांच्यात १९५९ मध्ये ट्रंककॉलवर पेंडीचा सौदा झाला आणि पुढे फिसकटला. दावा कुठल्या गावच्या कोर्टात चालायचा यावर भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सौदा पक्का कुठे झाला, जिथे 'हो' बोलले गेले तिथे की जिथे ते ऐकू आले तिथे? न्यायालयाने सांगितले, जिथे 'हो' ऐकू आले तिथे, म्हणजे अहमदाबादला. माझे म्हणणे एवढेच की खामगावची पेंड फोनवर विकली जाते आणि तो सौदा कायद्याने बांधतो, तर आपल्या पोरीने चारशे माणसांच्या देखत व्हिडिओवर 'हो' म्हटले तर का बांधू नये?

हे मी मोठ्या ऐटीत आमच्या पंडितजींना फोनवर ऐकवले. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, पाणिग्रहण म्हणजे काय? हात हातात घेणं. त्या पाटावर हात कुणाचा आहे तेवढं सांगा, बाकी मंत्र मी म्हणतो."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मग हे कोडे जगात कोणी कोणी कसे सोडवले ते मी शोधायला बसले. लॉकडाऊनमध्ये दुपार मोठी असायची.

पहिली गोष्ट कळली ती ही की नवरा किंवा नवरी समोर नसताना लग्न लावणे ही काही कॉम्प्युटरची करामत नाही. युरोपातल्या राजघराण्यांत ते सर्रास चाले. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे लग्न १७७० च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नाला लागले, तेव्हा नवऱ्याच्या जागी तिचा सख्खा भाऊ उभा होता! आपल्याला ऐकूनच कसेसे होते. नेपोलियनचे दुसरे लग्न १८१० साली असेच. तो पॅरिसला आणि नवरी मारी लुईझ व्हिएन्नाला. त्याच्या जागी उभा राहिला नवरीचा काका, जो आदल्याच वर्षी रणांगणावर नेपोलियनशी लढला होता. त्यांच्या धर्मात चालते, कारण तिथे दोघांची संमती म्हणजे लग्न, आणि संमती दुसऱ्याच्या तोंडून कळवता येते. पण गंमत बघा, मारी आंत्वानेत महिन्याभराने व्हर्सायला पोचली तेव्हा पुन्हा विधी झाला. नेपोलियननेही मारी लुईझ आल्यावर पुन्हा लग्न केले, तेही एकदा सरकारी आणि एकदा धार्मिक. म्हणजे दुरून लागलेले लग्न त्यांनाही पुरेसे वाटत नव्हतेच.

हॉलंडमध्ये याला चक्क 'हातमोज्याचे लग्न' म्हणतात. डच माणसे जावा-सुमात्राकडे नोकरीला जायची, नवरी मायदेशी. तिथे बदली माणूस उभा करून लग्न लावायचे आणि मगच तिने बोटीत बसायचे. हातमोजा हे गैरहजर माणसाच्या हाताचे प्रतीक. पंडितजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बघा, त्यांनाही हात हवाच होता." दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या हजारो मुली अशाच रीतीने ऑस्ट्रेलियात गेलेल्या तरुणांशी गावातल्या चर्चमध्ये लग्न करून बोटीने गेल्या. अविवाहित मुलीला एकटी इतक्या लांब धाडणे घरच्यांना पटत नव्हते. आपल्या आजीच्या पिढीला हे अगदी समजले असते.

आपल्याकडे पाहिले तर राजपुतांत खांड्याशी लग्न. राजा मोहिमेवर, तर त्याची तलवार पाठवायची आणि नवरीने तिच्याशी फेरे घ्यायचे. आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत हे फार शूर आणि सुंदर वाटायचे. पण तंजावरच्या मराठी भोसले घराण्याचे वाचले आणि चित्र पालटले. तिथे राजाच्या काही स्त्रिया अशा होत्या की ज्यांच्याशी राजा स्वतः पाटावर बसलाच नाही, त्याच्या वतीने तलवार ठेवून विधी झाला. राजवाड्यात त्या राहिल्या, मुले झाली. पण पट्टराणीचा मान नाही. पुढे गादी आणि संपत्तीचे वाद मद्रासच्या न्यायालयात गेले, तेव्हा याच तलवारीवरून या बायकांचे लग्न खरे की खोटे आणि त्यांची मुले औरस की अनौरस याचा काथ्याकूट झाला. म्हणजे तलवार ठेवली ती काही युद्धावर होता म्हणून नाही. दर्जा कमी ठेवायचा होता म्हणून. रिकाम्या पाटावर काय ठेवले यापेक्षा पाट रिकामा का राहिला हे विचारायला हवे, हे मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.

लढाईत मात्र पाट खरोखरच नाइलाजाने रिकामा राहतो. पहिल्या महायुद्धात, ४ एप्रिल १९१५ ला, फ्रान्सने खास कायदा करून आघाडीवरच्या सैनिकांना बदली माणसामार्फत लग्न करायची मुभा दिली. कारण साधे होते, सैनिक मेला तर बाईला विधवेचे वेतन मिळावे आणि पोटातल्या बाळाला बापाचे नाव मिळावे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत नवरी कचेरीत सही करायची आणि शेजारी टेबलावर नवऱ्याचे म्हणून पोलादी शिरस्त्राण ठेवलेले असायचे. तो त्याची सही आघाडीवर करायचा. पुढे तर तिथे नवरा लढाईत मेल्यानंतरही, त्याची लग्नाची इच्छा होती असे दाखवता आले तर लग्न लावू लागले. मी तो परिच्छेद वाचून वही मिटली आणि उठून चहा टाकला.

या सगळ्यांत एक गोड गोष्टही सापडली. १८७६ साली अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या लष्करी ठाण्यावर एक तारमास्तर होता. त्याला लग्नाला रजा मिळेना, म्हणून नवरीच सॅन दिएगोहून त्याच्याकडे प्रवास करून आली. पण ठाण्यावर लग्न लावायला धर्मगुरू नाही! मग शेकडो मैलांवर सॅन दिएगोत धर्मगुरू तार कचेरीत बसला, त्याचे शब्द कट्ट-कडकट्ट करत इकडे आले आणि यांचे 'हो' तिकडे गेले. मधल्या सगळ्या तारमास्तरांनी कान लावून लग्न ऐकले आणि लागलीच अभिनंदनाच्या तारा सुरू झाल्या. त्या काळातली ती ऑनलाइन पंगतच. ही गोष्ट पंडितजींना एकदम पसंत पडली. "हे चालेल," म्हणाले. "वरवधू एका ठिकाणी, पुरोहित फोनवर. मी गेल्या महिन्यात दोन वास्तुशांती अशाच केल्या." विनोदात बोलले, पण मला त्यात धागा दिसला. तारेवरून काय जाऊ शकते आणि काय नाही, याची त्यांच्या मनात रेघ स्पष्ट होती. शब्द जातो.

आपल्या पूर्वजांनी ही रेघ फार आधी मारून ठेवली आहे, हे तेव्हा लक्षात आले. वाङ्निश्चय आणि विवाह हे आपण दोन वेगळे विधी मानतो. वाङ्निश्चय म्हणजे वाणीने केलेला निश्चय. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात गर्भान्वयाच्या ५३ क्रिया सांगितल्या, त्यात विवाहक्रिया आहे, आणि तिच्यात सिद्धांची पूजा आहे, अग्नीची प्रदक्षिणा आहे. ती बसून ऐकायची क्रिया नाही, करायची आहे.

आणि मग राजुलमतीची आठवण कशी येणार नाही? जुनागडच्या दारात नेमिनाथांची वरात आली. मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला, रथ फिरवला आणि गिरनारकडे गेले. ना अंतरपाट, ना फेरे. घरच्यांनी समजावले की लग्न झालेच नाही, दुसरा वर बघू. शास्त्राप्रमाणे त्यांचे चुकले नव्हते. पण राजुल म्हणाली की मनाने मी वरले ते वरले, आणि त्याच वाटेने जाऊन तिने दीक्षा घेतली. आमच्या मंडळात यावर दरवर्षी वाद होतो की राजुल विवाहित म्हणायची का कुमारिका. मला वाटते, वचनाने बांधून घेणे हा तिचा स्वतःचा निर्णय होता, तिला कोणी बांधले नव्हते. ती तपाला निघाली होती, तिला कोणाच्या कचेरीत दाखला दाखवायचा नव्हता. आमच्या पोरीला दाखवायचा होता.

कारण आता गोष्ट कायद्यावर आली. नात्यातल्या एका वकिलांना मी फोन लावला. त्यांनी पहिले सांगितले की आपण जैन असलो तरी लग्नाला १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागतो, त्याच्या कलम २ मध्ये जैनांचे नाव स्पष्ट आहे. कलम ७ म्हणते की दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण. "आता पाऊल दोघांनी मिळून टाकायचं आहे," वकील म्हणाले, "एक पाऊल सांगलीत आणि एक न्यू जर्सीत पडलं तर ते मिळून पडलं का, यावर तुमची पुतणी खटला होणार आहे का, ते ठरवा." मला सरकीची पेंड आठवली. खामगाव-अहमदाबादच्या भांडणात निदान दोन्हीकडे व्यापारी होते.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती ऐकून मी अक्षरशः खुर्चीत बसले. समजा इथे सगळ्यांनी मान्य केले, दाखलाही मिळाला, तरी अमेरिका तिला त्याची बायको मानेलच असे नाही. तिथल्या व्हिसाच्या कायद्यात लिहिले आहे की ज्या विधीला वर आणि वधू एकमेकांसमोर प्रत्यक्ष हजर नव्हते, त्या लग्नाची बायको ही बायको धरायची नाही; त्यानंतर दोघांचा पतिपत्नी म्हणून सहवास झाला असेल तरच. आणि सहवासाला जायचे तर व्हिसा हवा! हा नियम आला कुठून म्हणून शोधले, तर तो आमच्यासाठी केलेलाच नव्हता. तो शंभर वर्षांपूर्वीच्या जपानी मुलींना अडवायला केला होता.

ही हकिकत सविस्तर सांगते, कारण ती मला त्या महिन्यात झोप लागू देत नव्हती. १९०७-०८ च्या सुमारास अमेरिकेने जपानी मजुरांना येणे बंद केले, पण आधीच गेलेल्यांच्या बायकांना येता येत होते. मजूर तर बिनलग्नाचे, आणि लग्नासाठी मायदेशी जाऊन यायचा खर्च परवडणारा नव्हता. मग मध्यस्थ दोन्हीकडे फोटो दाखवायचे, पसंती व्हायची आणि जपानमध्ये नवऱ्याच्या घराच्या कुटुंबनोंदवहीत मुलीचे नाव चढले की कायद्याने लग्न झाले. मग ती एकटी बोटीने हवाईला नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोला उतरायची, हातात फोटो धरून. धक्क्यावर उभ्या माणसांत तो चेहरा शोधायची. पुष्कळदा फोटो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असायचा. अमेरिकी अधिकारी म्हणायचे, हे लग्न आम्हाला पटत नाही, आणि बरीच वर्षे तिथे बंदरातच त्यांचे पुन्हा लग्न लावत. म्हणजे इथेही दुबार. अशा हजारो मुली गेल्या. शेतात राबल्या, मुले वाढवली. तिकडच्या गोऱ्या लोकांना ती मुलेच खुपत होती, कारण तिथे जन्मलेले मूल तिथले नागरिक. ओरडा वाढला तसे १९२० पासून जपाननेच अमेरिकेच्या मुख्य भूमीसाठी अशा नवऱ्यांना पासपोर्ट देणे थांबवले (नवऱ्या म्हणजे नवरीचे अनेकवचन, गैरसमज नको). आणि १९२४ च्या कायद्यात अमेरिकेने लिहूनच टाकले की बदली माणसाकरवी किंवा फोटोवरून झालेल्या लग्नाची बायको ही बायको नव्हे. १९५२ मध्ये कायदा बदलला तेव्हा शब्द बदलले, अर्थ राहिला.

कुठल्या जपानी खेड्यातली ती पोर, फोटो हातात धरून धक्क्यावर उभी. तिला अडवायला केलेली ओळ २०२० साली सांगलीत आमच्या स्वयंपाकघरात येऊन पोचली.

जुलमाचा कायदा म्हणून मी चिडले. पण त्या रात्री पुतणीनेच मला वेगळे दाखवले. ती म्हणाली, "काकू, राग येतो खरा. पण समजा इथे माझं लग्न झालं असं सगळ्यांनी धरलं, अमेरिकेने नाही धरलं, आणि उद्या त्याचं मन बदललं किंवा त्याला काही झालं, तर मी कोण? इथे मी लग्न झालेली, तिथे मी कोणीच नाही." ती तेव्हा २७ वर्षांची. आमच्या सगळ्या वह्यांत वेळापत्रक होते, कॅमेरे किती लावायचे ते होते, आहेराचे गूगल पे होते. हा प्रश्न कोणाच्या वहीत नव्हता, माझ्यासुद्धा. तंजावरच्या त्या बायकांना असे विचारायची सोय नव्हती.

मग ठरले ते असे. जूनमध्ये फक्त वाङ्निश्चय ऑनलाइन करायचा आणि लग्न तो आल्यावर. सासूबाईंना सांगायचे काम माझ्यावर आले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तवर मी असंन का?" मी म्हटले, "असणार की." दुसरे काय म्हणणार?

वाङ्निश्चय छान झाला. गोरजाच्या आधी, आमची पंगत दिवसाउजेडी उरकेल असा. न्यू जर्सीत सकाळ, मुलगा फेटा बांधून एकटाच खोलीत बसलेला. फलटणचे व्याही त्यांच्या घरी, आम्ही आमच्या घरी, पंडितजी त्यांच्या. णमोकार मंत्र सगळ्यांनी एकत्र म्हणायचा ठरला, पण प्रत्येकाचा आवाज मागेपुढे येऊ लागला, तेव्हा पंडितजी म्हणाले, बाकीच्यांनी आवाज बंद करून मनात म्हणा. दोन्हीकडच्या वडिलांनी वचन दिले. सासूबाईंना टॅबसमोर बसवले होते. त्यांना कोणी सांगितले नव्हते तरी त्यांनी शेजारच्या वाटीतल्या हळदीच्या अक्षता उचलल्या आणि पडद्यावरच्या नातजावयावर टाकल्या. कोणी अडवले नाही.

नोव्हेंबरात त्या गेल्या. झोपेतच.

मैत्रिणींनो, आम्ही थांबलो ते बरोबर केले असे मी इथे ठासून लिहिणार होते, पण हे वाक्य आले की हात अडतो. जूनमध्येच लग्न लावले असते तर त्यांनी ते पाहिले असते. दीर अजून कधी कधी म्हणतात, आईसाठी लावून टाकायला हवे होते, मग पुन्हा लावले असते. सगळ्या जगाने दुबारच लावली की. त्यांचेही खोटे नाही. फक्त दुबार लावायची वेळ येईलच, असे त्या जूनमध्ये कोण कोणाला लिहून देणार होते?

त्यानंतर कायद्याची गाडी थोडी पुढे गेली आहे, तेही सांगते, कारण माझ्या मैत्रिणीला त्याचाच उपयोग. न्यूयॉर्क राज्याने २०२० च्या एप्रिलमध्येच तात्पुरती व्हिडिओवर लग्नाची परवानगी दिली होती. आपल्याकडे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणीसाठी 'प्रत्यक्ष हजेरी' व्हिडिओवरूनही चालेल. पण लक्षात घ्या, त्या जोडप्याचे लग्न वीस वर्षांपूर्वी सर्व विधींनी झालेले होते, बाकी होती ती फक्त नोंदणी. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने मात्र कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका मुलीचे अमेरिकेतल्या मुलाशी व्हिडिओवर लग्न लावू द्यायला सांगितले. नोटीस देऊन तो बिचारा इथे वाट बघत थांबला होता, पण सुट्टी संपून परत गेला. ते लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालचे. त्यात सप्तपदी नाही. अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचे बोलायचे असते. म्हणजे शब्दच. शब्द तारेवरून जातो हे पुन्हा आलेच! (जाता जाता, या कायद्याचा जुना अवतार १८७२ चा. त्याखाली लग्न करायचे तर मी जैन नाही असे लिहून द्यावे लागे. १९२३ मध्ये ती अट आपल्यासाठी सैल झाली.) आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जोडप्याला, ज्यांनी विधी न करता एका संस्थेचा दाखला घेऊन नोंदणी केली होती, सांगितले की हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाले नसतील तर नुसत्या दाखल्याने लग्न होत नाही. हे आपल्यालाही लागू.

मैत्रिणीला मी म्हटले, कॅमेरेवाला नंतर बघ. आधी ऑस्ट्रेलिया कुठले लग्न मानते ते तिकडच्या वकिलाकडून लेखी घे, आणि मुलीला समोर बसवून तो कागद वाचून दाखव. मुलाला नव्हे, मुलीला. ती म्हणाली, "अगं, पण मी मुलाची आई." म्हटले, म्हणूनच.

आमच्या पुतणीचे लग्न २०२१ च्या फेब्रुवारीत लागले. मुलगा जानेवारीत त्या खास सोडलेल्या विमानांपैकी एकाने आला, परत जायच्या व्हिसाची धाकधूक घेऊनच. माणसे पन्नासच, बस्तीच्या शेजारच्या लहान हॉलमध्ये. अंतरपाट माझ्या मुलाने आणि फलटणच्या एका भाच्याने धरला. बाकी तीनएकशे जण फोनवर. तिकडे थंडीत साडेदहा तासांचा फरक पडतो, त्यामुळे साडेअकराच्या मुहूर्ताला न्यू जर्सीत रात्रीचा एक. मुलाची तिकडची आत्या साडी नेसून, दागिने घालून, अक्षतांची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी एकटी बसली होती. मंगलाष्टकाच्या दर 'सावधान'ला तिने तांदूळ टाकले. दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला. लॅपटॉपच्या सगळ्या फटींत हळदीचे तांदूळ. एक कळ पुढे महिनाभर दाबली जात नव्हती म्हणे.